अडीचशे मीटरचा सांधा

माझ्या भाचीने खिडकीला पडदा लावला, त्या दिवसापासून माझं पोट दुखायला लागलं. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नव्हतं.

पडदा जाड, करड्या रंगाचा, मोठ्या बाईंनी खास मागवलेला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या नकाशा-संग्रहाच्या प्रमुख. मी इथे दुरुस्ती विभागात लागले त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी त्यांच्याकडे आणि त्यांच्या आधीच्या तिघांकडे मिळून तीनच गोष्टी मागितल्या: एक चांगली कात्री, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, आणि खिडकीजवळचं टेबल. कात्री मिळाली.

खिडकी उत्तरेची आहे. तिच्यातून ऊन कधी आत येत नाही, नुसता उजेड येतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा. फाटलेल्या कागदाच्या कडेचे तंतू त्या उजेडात मोजून घ्यावेत. माझं टेबल मात्र आतल्या भिंतीला, ट्यूबलाइटखाली. खिडकीजवळ पूर्वी खळकाका बसायचे. ते आमचे जुने कारागीर. चिकटवायची पिठाची खळ स्वतः शिजवायचे, दुसऱ्या कुणाला ढवळूसुद्धा द्यायचे नाहीत, म्हणून हे नाव. निवृत्त होताना मला म्हणाले होते, "हे टेबल आता तुझं हो." पण बोलून चालून तोंडी व्यवहार. त्या टेबलावर आधी फायली आल्या, मग प्रिंटर आला, मग माझी भाची आली.

आणि आल्या आल्या तिने काय केलं, तर उजेड बंद केला. "मावशी, स्क्रीनवर चकाकतं गं," म्हणाली.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण लहानपणी जिथे जे सांडेल ते वेचत बसायची. आठ वर्षांची असताना सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा मीच तिला इथे आणलं, मांडीवर बसवून नकाशा वाचायला शिकवलं. ही तुटक रेघ म्हणजे पायवाट. हे बारीक फराटे म्हणजे उतार. ही गवताची निळी जुडगी दिसतात ना, ती दलदल. मला तरी कुणी शिकवलं होतं? आमच्याकडे दोघींपैकी एकीचीच शाळा पुढे चालणार होती. धाकटी हुशार, आणि मी मोठी. म्हणजे उत्तर प्रश्नातच होतं. आठवीनंतर मी घरी बसले. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांची यादी छापलेली असते, तीच माझी नववी आणि तीच दहावी.

आता मुंगीच्या नावापुढे दोन पदव्या आहेत, आणि ती राहते माझ्याच घरी, मधल्या खोलीत. सकाळी आम्ही दोघी एका बसने कामावर येतो. दारावरचा रखवालदार तिला उठून नमस्कार करतो आणि मला विचारतो, "काय मावशी, आज डबा नाही?"

तिचं काम तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गावाबाहेरचा ओढ्याकाठचा सखल पट्टा घ्यायचा. त्याचा ऐंशी वर्षांपूर्वीचा नकाशा, चाळीस वर्षांपूर्वीचा नकाशा आणि आजचं उपग्रहाचं चित्र, तिन्ही एकावर एक बसवायची. मग शेत कुठे होतं, झाडी कुठे होती, पाणथळ किती होती, घरं कधी आली, हे रंगांनी भरत जायचं. त्यावरून जमीन कशी कशी वापरली गेली ते कळतं.

"म्हणजे एकाच माणसाचे तीन वयांतले फोटो," मी म्हटलं.

"अय्या मावशी! हे मी वापरणार हं भाषणात."

आणि वापरलंन. मोठ्या बाईंसमोर पहिलं बोलणं झालं तेव्हा हेच वाक्य म्हणाली. सगळे हसले, कुणीतरी वहीत उतरवूनही घेतलं. वाक्य कुणाचं, हे सांगायचं तिच्या ध्यानात आलं नाही. मी मागच्या रांगेत बसून माझ्याच विनोदावर टाळ्या वाजवल्या.

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. आमचे हे एरवी जेवताना ताटाशिवाय कुणाकडे बघत नाहीत. आता घास हातात धरून ऐकत बसायचे.

"बघ गं, ही पोरगी आकाशातून जमीन बघते!"

"मी सव्वीस वर्षं जवळून बघतेय," मी म्हटलं. "तेव्हा कधी घास थांबला नाही तुमचा."

"तू कधी असं रंगीत दाखवलं नाहीस ना," हे म्हणाले, आणि मुंगी इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मीच दिलं.

रविवारी धाकटीचा फोन यायचा. "ताई, ती वेळेवर जेवते का? फार डोकं लागतं गं त्या कामाला. आणि तुझं काय, चिकटवाचिकटवी चालू आहे ना?"

चिकटवाचिकटवी! मी फोन ठेवला आणि पाव किलो कांदा अकारण चिरून ठेवला.

पण ह्या चिकटवाचिकटवीत एक गोष्ट माझी होती, आणि ती कुणी नाकारू शकत नव्हतं. संग्रहात पाहुणे आले की मोठ्या बाई, त्यांच्या आधीच्या प्रमुखांसारखंच, एक ताव काढायला सांगायच्या. तोच, ओढ्याकाठचा, ऐंशी वर्षांपूर्वीचा. टेबलावर पसरून म्हणायच्या, "हा मधोमध फाटून दोन तुकडे झाला होता. सांगा बघू, सांधा कुठे आहे?" पाहुणे वाकायचे, चष्मे काढायचे, नखाने चाचपायचे. चोवीस वर्षांत एकालाही सापडला नाही. मग मोठ्या बाई माझ्याकडे हात करायच्या, आणि मी नाही नाही म्हणत पदराला हात पुसायची. पाहुणे गेल्यावरही हात उगीचच थोडा वेळ पुसत राहायची.

तो सांधा मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी केला. ताव घडीवर फाटलेला, दोन्ही कडा किडीने खाऊन जाळी झालेली. खळकाका पंधरा दिवस आजारी होते. मला वाटलं, ते यायच्या आत असं काही करून दाखवावं की बघत राहतील. मी पट्टी लावली, पातं घेतलं, आणि दोन्हीकडच्या कुरतडलेल्या कडा सरळ कापून काढल्या. प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर, जास्त नाही. मग काठाला काठ भिडवून मागून मलमल लावली. त्या भागात सगळीकडे दलदलीचीच जुडगी होती, आणि जुडग्याला जुडगं कुठेही जुळतं. ओढा घडीच्या जरा डावीकडे, तो वाचला. एकच रस्ता आडवा जात होता, तो सरळसोट, त्याचीही दोन टोकं बरोबर समोरासमोर आली. खळकाका परत आले, बराच वेळ वाकून बघत राहिले, आणि म्हणाले, "बोट ठेवायला जागा नाही." त्यांनी कुणाबद्दल असं म्हटलेलं मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

तर एका बुधवारी दुपारी मुंगी ओरडली, "मावशी, धावत ये!"

मी पडद्याआडच्या अंधारात गेले. स्क्रीनवर तीन पट्टे एकाखाली एक होते.

"हे बघ. ओढ्याकाठची दलदल. ऐंशी वर्षांपूर्वी रुंदी दोनशे मीटर. चाळीस वर्षांपूर्वी तीनशे वीस. आज दोनशे सत्तर. कळलं का तुला? वाढलीय! सगळं जग सांगतं, पाणथळ जागा आटत चालल्यात, आणि आपल्याकडे उलटं! म्हणजे ही दलदल मूळची नाहीच. वरच्या खाणीचं पाणी साठून झालेली आहे. पुढच्या शुक्रवारी समिती बसतेय, तिथे हेच मांडणार. त्यांना ती जागा बुजवून घरं बांधायची की नाही ते ठरवायचंय."

मी स्क्रीनकडे बघत होते. दलदलीच्या मधोमध, ओढ्याच्या जरा उजवीकडे, कुठे बघायचं हे फक्त मला माहीत होतं. एक इंचाला एक मैल असा तो ताव. चार मिलिमीटर म्हणजे किती, हा हिशोब मी सव्वीस वर्षं रोज करतेय. अडीचशे मीटर. दोनशे अधिक अडीचशे, साडेचारशे. साडेचारशे, तीनशे वीस, दोनशे सत्तर. दलदल वाढली नव्हती. जगात जिथे तिथे आटते तशीच आटली होती. मधला तुकडा मी कापला होता.

"कशी बसवलीस तू ही चित्रं एकमेकांवर?" मी विचारलं.

"चारी कोपरे जुळवले. बाकीचं कॉम्प्युटर ताणून बसवतो."

"आणि मध्ये?"

"मधले रस्ते शंभरेक मीटर इकडेतिकडे होतात, पण जुने लोक काय, अंदाजेच काढायचे."

मी माझ्या टेबलाशी परत आले, खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं, आणि बसले. आता खरं सांगायचं तर, पोटदुखी एकदम थांबली होती.

पुढचे दिवस माझे फार छान गेले. मुंगी बसमध्ये भाषणाची तालीम करायची आणि मी मान डोलवायची. हे म्हणायचे, "पोरगी नाव काढणार," आणि मी त्यांना आणखी वाढायची. मनात मी शुक्रवारची सभा रंगवत होते. ती बोलतेय, सगळे माना डोलवतायत, आणि मी मागच्या रांगेतून उठून म्हणते, जरा थांब हं बाळ. पण प्रत्येक वेळी त्यापुढचं चित्र बिघडायचं. कारण कुणीतरी विचारणारच, मग नकाशा कापला कुणी? आणि मोठ्या बाई माझ्याकडे हात करणार, नेहमी करतात तसाच. तिची फजिती करायची तर वाट माझ्या फजितीवरून जात होती. गप्प बसले तर सांधा माझा, आणि कधीतरी फुटेल ते तिचं. मी गप्प बसले. फोनवर धाकटीला म्हटलं, "अगदी चिकाटीने काम करते हो तुझी लेक."

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी, सभेच्या आदल्या दिवशी, मुंगीने अहवालाचे कागद माझ्यापुढे ठेवले.

"मावशी, एकदा वाचून दे ना. बाकीच्यांना नुसती भाषा कळते. नकाशा तुलाच कळतो."

हे ती मस्का लावायला म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती तसं मुळीच म्हणाली नव्हती. कागद ठेवून पेन शोधायला गेलीसुद्धा.

मी वाचायला घेतलं. चांगलं लिहिलं होतं, मेलीने. माझं फोटोंचं वाक्य पहिल्याच पानावर होतं. चौथ्या पानावर होतं: "मूळ मोजणी हलगर्जीपणे झालेली असल्याने मधल्या भागातील रस्त्यांची जागा विश्वसनीय नाही."

हलगर्जीपणे.

त्या तावाच्या खालच्या कोपऱ्यात मोजणीदाराच्या नावाची दोन अक्षरं आहेत आणि मोजणीचे महिने. सात महिने. त्याचे आणखी अकरा ताव माझ्या हाताखालून गेलेत. त्याला बघितलेलं नाही, पण त्याचा हात मी अंधारात ओळखीन. माळावर एकटं झाड असलं तर तो त्याचं टिंब काढायचा. विहीर कोरडी असली तर बाजूला तसं लिहायचा. दलदलीत मोजणीची साखळी टाकत कमरेपर्यंत चिखलात उभा राहिला असणार तो, कारण जुडगं आणि जुडगं त्याने जिथल्या तिथे काढलंय. मेलेल्या माणसाला जाब देता येत नाही, आणि ज्या बाईने त्याचे अडीचशे मीटर पात्याने उडवले ती चहा पीत त्याची बदनामी तपासत होती, शुद्धलेखनासकट.

मुंगीचं टेबल मला सहन होत होतं. म्हणजे होत नव्हतं, पण मी ते गिळत होते. हे गिळता येईना.

मी उठले आणि मागच्या कपाटाशी गेले. खळकाकांचा एक नियम होता: कागदाचा कणसुद्धा फेकायचा नाही. जे गळेल, जे कापाल, ते तावाचा नंबर घालून पाकिटात. त्या वयातही मी तो पाळला असणार, एवढी मला स्वतःची खात्री होती. पाकीट तिसऱ्या खोक्यात सापडलं. वर माझं दुसऱ्या वर्षाचं अक्षर, ऐटबाज. आत दोन पट्ट्या आणि चिमूटभर तुकडे, आणि सगळ्यांवर निळी जुडगी.

पाकीट उलटं केलं तर मागे पेन्सिलने लिहिलेलं होतं. "मधे ४ मि.मी. कमी." खाली तारीख, काका आजारातून परत आले त्या आठवड्यातली.

म्हणजे वाकून बघत राहिले होते तेव्हा ते मोजत होते. मोजलं, नियमाप्रमाणे लिहून ठेवलं, आणि मला म्हणाले, बोट ठेवायला जागा नाही. असं का म्हणाले, हे विचारायला ते आता नाहीत. मी खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसले. चोवीस वर्षं मी ज्या वाक्यावर हात पुसत आले होते, ते असं निघालं.

पाकीट घेऊन मी पडद्याआड गेले आणि ते मुंगीच्या कीबोर्डवर ठेवलं.

"हे काय?"

"तुझी दलदल."

मी सगळं सांगितलं. किडलेल्या कडा, पातं, पट्टी, चार मिलिमीटर. ती आधी माझ्याकडे बघत होती, मग पट्ट्यांकडे, मग परत माझ्याकडे.

"आणि तुला हे कधी लक्षात आलं?"

"तू ओरडलीस तेव्हाच."

"मावशी! त्याला आठ दिवस झाले!"

"हो."

"उद्या सभा आहे. आठ दिवस तू माझ्याबरोबर बसमध्ये बसून माझी तालीम ऐकलीस, आणि बोलली नाहीस? का?"

खूप कारणं होती. आठवी होती, धाकटी होती, थांबलेला घास होता. तोंडातून निघालं ते भलतंच.

"पडद्यामुळे," मी म्हटलं.

"कुठल्या पडद्यामुळे?"

मी पडद्याकडे बोट केलं. तिने पडद्याकडे पाहिलं, जणू तो तिथे आताच उगवला होता. "खिडकीचं टेबल मला हवं होतं," मी म्हटलं. "सव्वीस वर्षं. आणि तू ते घेऊन उजेड बंद केलास. म्हणून म्हटलं, पड तोंडावर."

"माझ्यावर जळत होतीस तू?"

"होते काय, आहे."

तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता रडेल, मी जवळ घेईन, आणि हा विषय बायकी रीतीने मिटेल. पण ती मुंगी. तिने डोळे मनगटाने पुसले, पट्टी उचलून दिव्याखाली धरली, आणि तिचा चेहरा बदलायला लागला.

"थांब. म्हणजे साडेचारशे होती? साडेचारशेवरून दोनशे सत्तर? मावशी, म्हणजे ऐंशी वर्षांत चाळीस टक्के गेली! आणि रस्ते बरोबर बसतात मग! तो माणूस अचूक होता गं!"

"ते मी तुला सांगू शकले असते."

"हे आधीपेक्षा कितीतरी मोठं आहे!"

झालं. माझी चूक, माझी लाज, माझं चोवीस वर्षांचं पाकीट, आणि त्यातूनही वेचून नेलं तिनेच. पोट परत दुखायला लागलं.

"उद्या समितीला खरा ताव दाखवायला हवा," ती म्हणाली. "हा सांधा उघडता येईल?"

"खळ आहे. ओली केली की सुटते. काका म्हणायचे, आपलं काम पुढच्याला उघडता आलं पाहिजे." मी बाह्या वर केल्या. "फक्त पडदा काढ. मला उजेड लागेल."

तिने तो खुर्चीवर चढून स्वतः काढला. मी खिडकीजवळच्या टेबलावर ताव पालथा घातला, मलमल ओली केली, आणि माझा सांधा माझ्याच हातांनी सोडवला. पट्ट्या जागेवर बसवल्या, तुकडे एकेक करून चिमट्याने. कीड जिथे खाऊन गेली होती तिथे साधा कागद भरला, रंग न देता, रिकामा. मुंगी बाजूला उभी राहून पाणी देत होती. फक्त एकदा म्हणाली, "किती छान उजेड आहे गं इथे," आणि मी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा बोलली नाही.

शुक्रवारी सभेत मी मागच्या रांगेत बसले. समितीसमोर मुंगीने ताव पसरला. सांधा दारातून दिसत होता, जुन्या जखमेच्या टाक्यांसारखा.

"ह्या नकाशात एक चूक होती," ती म्हणाली, "त्यामुळे मी चुकीचा निष्कर्ष काढणार होते. ती चूक केली माझ्या मावशीने. त्या मागे बसल्यात. काल ती शोधून दुरुस्तही त्यांनीच केली. मूळ मोजणी अचूक आहे." मग तिने रंगीत पट्टे दाखवले. "आणि एकाच माणसाचे तीन वयांतले फोटो, हे वाक्यसुद्धा मावशीचं आहे. ते मी चोरलं होतं."

सगळ्या माना मागे वळल्या. कामात माझं असं नाव घेतलं जाण्याची मी सव्वीस वर्षं वाट बघत होते, आणि घेतलं गेलं ते आधी चुकीसाठी. मी हात पुसले नाहीत.

मोठ्या बाई तावावर वाकल्या. "आधीचा किती बेमालूम होता," म्हणाल्या, आणि सुस्कारा सोडला. पाहुण्यांसाठी आता त्या दुसरा ताव शोधतायत.

समितीने ती जागा बुजवायचा विचार तूर्त बाजूला ठेवला, आणि संग्रहाने मुंगीला कायमची नोकरी दिली. वरच्या मजल्यावर तिला स्वतंत्र खोली आहे. खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. खुर्ची अजून यायची आहे.

परवा धाकटीचा फोन आला. "ताई, तिची खोली बघितलीस का गं? म्हणाली, दोन खिडक्या आहेत."

"बघितली," मी म्हटलं. "दोन्ही उत्तरेच्या. आणि दोन्हींना पडदे."